सेक्रेटरी कोण, सही कोणाची? सिंगापूरच्या इंजिनियर संघटनेत कोण काय करते



लिटल इंडियात किराणा भरायला आपण सगळेच जातो. मुस्तफावरून सेरंगून रोडने थोडे पुढे गेले की ओवेन रोडचा कोपरा लागतो. १५ मार्च १९८६ रोजी सकाळी त्या कोपऱ्यावरची सहा मजली इमारत एका मिनिटाच्या आत खाली बसली. तिच्यात हॉटेल न्यू वर्ल्ड होते. ३३ माणसे दगावली, १७ जण ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. त्या वेळी एमआरटीच्या भुयारांवर काम करणारे परदेशी इंजिनियर आपणहून धावून आले आणि त्यांनी ढिगाऱ्याखाली बोगदे खणून माणसे बाहेर काढायला मदत केली. पुढे चौकशीत दिसले ते असे, की इमारतीचे डिझाइन इंजिनियर नसलेल्या एका ड्राफ्ट्समनने केले होते आणि इमारतीचे स्वतःचे वजनच हिशेबात नीट धरलेले नव्हते.

ही जुनी गोष्ट सुरुवातीलाच सांगण्याचे कारण आहे. सिंगापूरमध्ये "इंजिनियर म्हणून सही कोण करू शकतो" हा प्रश्न एवढ्या काटेकोरपणे का विचारला जातो, ते या गोष्टीशिवाय कळत नाही. आपल्याकडे बीई झाला की माणूस इंजिनियर, लग्नपत्रिकेत नावाआधी "इंजि." लागते आणि विषय संपतो. इथे तो तिथे सुरू होतो.

आमच्या ओळखीतल्या एका स्ट्रक्चरल इंजिनियरचेच पाहा. पुण्याकडचे शिक्षण, बारा वर्षांचा अनुभव. इथे आल्यावर कोणीतरी सल्ला दिला, "इंजिनियर्सच्या संस्थेचा मेंबर हो, म्हणजे ड्रॉइंगवर सही करता येईल." त्याने अर्ज भरला, फी भरली, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावले. काही महिन्यांनी ऑफिसात सहीचा प्रश्न आला तेव्हा त्याने संस्थेत फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, "सर, ते आमच्याकडे नाही, बोर्डाकडे आहे." त्याने विचारले, "तुम्ही इंजिनियर आहात ना?" त्या म्हणाल्या, "नाही, मी मेंबरशिपचे काम पाहते." फोन ठेवल्यावर तो आमच्यावरच चिडला, "इंजिनियरांच्या संस्थेत इंजिनियरच नाहीत!"

इंजिनियर आहेत, पण ते फोनवर नसतात. ही मांडणी एकदा नीट समजून घ्यावी म्हणून हा लेख.

निवडून आलेले

ज्या संस्थेबद्दल आपण बोलतो आहोत ती म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स, सिंगापूर. बोलताना सगळे आयईएस म्हणतात. स्थापना १९६६ ची, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच वर्षीची. कार्यालय बुकित टिंगी रोडवर आहे. कायद्याच्या दृष्टीने ही सभासदांची सोसायटी आहे, जशी आपली मंडळे असतात तशीच. सभासद कौन्सिल निवडतात. कौन्सिलमध्ये अध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद सचिव, मानद खजिनदार वगैरे मंडळी असतात. हे सगळे इंजिनियर, आणि सगळे स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात. पगार नाही. संध्याकाळी सातला मीटिंगला येणारे चेहरे कसे दिसतात ते आपल्या कमिटीवर काम केलेल्यांना सांगायला नको.

यांची पार्श्वभूमी एका छापाची नसते. २००८ मध्ये अध्यक्ष झालेल्या ली बी वाह या स्ट्रक्चरल इंजिनियर. त्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. स्वतःची सल्लागार फर्म चालवत होत्या आणि २००६ पासून खासदारही होत्या. नंतरच्या काळातले एडविन ख्यू कचऱ्यापासून ऊर्जा आणि पर्यावरणाच्या उद्योगातले, तर त्यांच्यानंतरचे योह लीन वेंग संरक्षण क्षेत्रातल्या सिस्टिम्स इंजिनियरिंगमधले. म्हणजे अध्यक्षपद ही सिव्हिलवाल्यांची जहागिरी नाही, हे आमच्या मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

इथे काही नावांच्या आधी "इआर" अशी दोन अक्षरे दिसतात. आपल्या "इंजि."शी त्याची गल्लत करू नका. इथल्या रिवाजात हे बिरुद रजिस्टर्ड प्रोफेशनल इंजिनियर लावतात. ती नोंदणी कुठे होते ते पुढे येईलच.

पगारावर असलेले

आता फोनवरच्या बाई. निवडून आलेल्यांच्या खाली एक पगारी कार्यालय असते, त्याला सेक्रेटरिएट म्हणतात. त्याच्या प्रमुखपदी कार्यकारी संचालक असतो. कौन्सिलने ठरवलेले अमलात आणणे, बजेट सांभाळणे आणि दर निवडणुकीनंतर येणाऱ्या नव्या पदाधिकाऱ्यांना मागचे संदर्भ पुरवणे ही त्याची कामे. आमच्या मते हे शेवटचे काम सगळ्यात मोठे. पदाधिकारी बदलत राहतात. मागच्या वेळी अमुक करार का मोडला होता हे ऑफिसच्या फायलींना आणि तिथल्या जुन्या माणसांनाच माहीत असते. आपल्या मंडळांत सतरंज्या उचलणारा आणि हिशेब लिहिणारा बहुधा एकच असतो, त्यामुळे ही सोय काय असते ते आपल्या लक्षात येत नाही.

संचालकाच्या हाताखाली सभासद विभाग, कार्यक्रम, प्रशिक्षण, प्रकाशने, हिशेब असे विभाग. "द सिंगापूर इंजिनियर" हे संस्थेचे मासिक. मासिक काढायला भाषा आणि मांडणी येणारा माणूस लागतो, हिशेबाला अकाउंटन्सी शिकलेला, परिषद भरवायला कार्यक्रमांचा अनुभव असलेला. पंप कसा चालतो हे माहीत नसले तरी या लोकांचे अडत नाही. प्रशिक्षणाचे काम आयईएस अकॅडमीकडे आहे. तिथेही शिकवणारे बाहेरचे तज्ज्ञ आणि वर्ग, नोंदणी, सर्टिफिकेटे सांभाळणारे ऑफिसचे, अशी विभागणी असते.

जाता जाता आमच्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. बीकॉम किंवा मास कम्युनिकेशन झालेल्या कित्येक जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे येतात आणि "ही इंजिनियरांची संस्था, आपले काय काम" म्हणून अशा जागांच्या जाहिरातींकडे पाहतही नाहीत. जरूर पाहा. मात्र १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर असलेल्यांना नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास लागतो. पूर्वीसारखे नुसते संमतिपत्र चालत नाही. अर्ज करण्याआधी ते तपासावे.

"सेक्रेटरी" या शब्दाने आपली हमखास फसगत होते. भारतात इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया) ही संस्था १९२० पासून आहे; १९३५ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळाले. मुख्यालय कोलकात्याला, आणि तेही गोखले रोडवर, हे वाचून बरे वाटते. तिथे "सेक्रेटरी अँड डायरेक्टर जनरल" हा सर्वोच्च पगारी अधिकारी. इथे मात्र मानद सचिव म्हणजे निवडून आलेला, बिनपगारी इंजिनियर. त्यामुळे भारताच्या सवयीने सेक्रेटरीच्या नावाने सर्टिफिकेटच्या चौकशीची पत्रे पाठवू नयेत. तो बिचारा त्या वेळी कुठल्यातरी साइटवर हेल्मेट घालून उभा असतो.

दुसरा फरक परीक्षेचा. आपल्या मागच्या पिढीत रेल्वेत किंवा पीडब्ल्यूडीत नोकरी करत, रात्री अभ्यास करून एएमआयई झालेले काका-मामा प्रत्येक घरात निघतील. ती परीक्षा ही भारतीय संस्थाच घेत आली. त्यामुळे "संस्था" म्हटले की परीक्षा आणि पदवी असे समीकरण आपल्या डोक्यात बसलेले आहे. आयईएस तशी पदवीतुल्य परीक्षा घेत नाही. मेंबर, सीनियर मेंबर, फेलो या तिच्या सभासदत्वाच्या पायऱ्या आहेत. चार्टर्ड इंजिनियरची नोंदणीही ती करते. व्यवसायात त्याला मान आहे, पण कायद्याने लागणारी सही त्याने मिळत नाही.

सहीचा अधिकार देणारे

ती मिळते प्रोफेशनल इंजिनियर्स बोर्डाकडून. हे बोर्ड १९७१ मध्ये कायद्याने स्थापन झाले आणि राष्ट्रीय विकास मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. ही सभासदांची संस्था नव्हे, सरकारी वैधानिक मंडळ आहे. त्याचे सदस्य बहुतेक स्वतः अनुभवी इंजिनियर असतात, आणि रोजच्या नोंदणीचे काम रजिस्ट्रार पाहतो. संस्था सभासदाची बाजू मांडते. बोर्ड त्याच इंजिनियरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते. ही दोन कामे एका छपराखाली न ठेवण्यातच शहाणपण आहे, असे आम्हाला वाटते.

बोर्डाकडे जाण्याचा रस्ता लांब आहे. आधी मान्य पदवी, मग इंजिनियरिंगच्या मूलभूत विषयांची परीक्षा, चार वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव (त्यातला काही सिंगापूरमधला), आणि मग व्यावसायिक सरावाची परीक्षा व मुलाखत. नोंदणी झाल्यावरही सही करायची तर प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट लागते आणि ते दर वर्षी नवे करावे लागते. हॉटेल न्यू वर्ल्डनंतर १९८९ च्या कायद्याने आणखी एक माणूस साखळीत आला: ॲक्रेडिटेड चेकर, म्हणजे एका इंजिनियरचे डिझाइन स्वतंत्रपणे तपासणारा दुसरा इंजिनियर. २० एप्रिल २००४ रोजी सर्कल लाइनच्या कामात निकोल हायवे खचला, चार जण गेले. त्यानंतर खोल खोदाईसाठी जिओटेक्निकल तज्ज्ञांची वेगळी नोंदणी सुरू झाली. दर वेळी आधी अपघात आणि मग नवा नियम, हे वाचताना त्रास होतो, पण इथला क्रम तसाच आहे.

भारतात इंजिनियरांच्या नोंदणीचा देशव्यापी कायदाच नाही. वकिलांसाठी १९६१ चा आहे, आर्किटेक्टांसाठी १९७२ चा आहे. आपल्याकडे महापालिका आपापल्या पातळीवर स्ट्रक्चरल इंजिनियरना परवाने देतात. म्हणून आपल्या माणसाला मेंबरशिप आणि लायसन्स यातला फरक उमजत नसेल तर त्यात त्याची चूक फारशी नाही.

पदवी तपासणारे

पालकांना सगळ्यात जास्त उपयोगी भाग हा. इथल्या इंजिनियरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम आयईएसने स्थापन केलेले इंजिनियरिंग ॲक्रेडिटेशन बोर्ड करते. विद्यापीठात तपासणीला जाणारे पथक प्राध्यापक आणि उद्योगातले इंजिनियर यांचे असते. ते येतात स्वयंसेवक म्हणून, आणि त्यांच्यासाठी कागदांचे गठ्ठे लावून देतात ऑफिसचे लोक. या व्यवस्थेच्या जोरावर सिंगापूर २००६ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचे पूर्ण सदस्य झाले. या करारात सदस्य देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त पदव्या समकक्ष धरतात.

भारत, म्हणजे आपले नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन, जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाले. पण यात दोन खाचा आहेत. एक, करार त्या तारखेआधीच्या पदव्यांना आपोआप लागू होत नाही. आमच्यासारख्या त्याआधी पास झालेल्यांना त्याचा फायदा नाही. दोन, भारतातल्या प्रत्येक कॉलेजला तो लागू नाही. बोर्डाने टियर वन म्हणून मान्य केलेले, मुख्यतः स्वायत्त संस्थांतले अभ्यासक्रमच त्यात येतात, आणि मान्यता कॉलेजला नसून विशिष्ट शाखेला, विशिष्ट वर्षांपुरती असते. मुलाला बारावीनंतर पुण्या-मुंबईला पाठवून पुढे इथे परत आणायचा बेत असेल, तर प्रवेशाआधी ही यादी शाखेसकट पाहावी. कॉलेजचे नाव मोठे आहे एवढ्यावर जाऊ नये. शिवाय पदवी समकक्ष धरली गेली तरी प्रोफेशनल इंजिनियर बोर्डाची स्वतःची मान्य पदव्यांची यादी वेगळी पाहावीच लागते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यातले काहीच लागत नाही. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल या शाखांभोवतीच ही नोंदणी फिरते. कोडवर शिक्का मारायला अजून कोणी सांगितलेले नाही. आमची संस्था म्हणजे सिंगापूर कॉम्प्युटर सोसायटी, १९६७ ची. तिथेही वर निवडून आलेले आणि खाली पगारी कार्यालय, हाच आराखडा.

तेव्हा फोन करण्याआधी एवढे ठरवा. सभासदत्व, व्याख्याने, कोर्स, मासिक यासाठी आयईएसचे ऑफिस. संस्थेच्या धोरणाबद्दल म्हणणे मांडायचे तर कौन्सिलमधला पदाधिकारी. ही मंडळी कार्यक्रमांत सहज भेटतात आणि चहा घेताना मोकळेपणाने बोलतात. सही, नोंदणी आणि परीक्षा यासाठी थेट बोर्ड. भारतातल्या पदवीच्या मान्यतेसाठी आधी नॅशनल बोर्डाची यादी, मग इथली. आणि फोनवर जे असतील त्यांना "तुम्ही इंजिनियर आहात का" असे विचारू नका.

आमच्या त्या मित्राने पुन्हा पुस्तके काढली. मूलभूत विषयांची परीक्षा तो दुसऱ्या प्रयत्नात पास झाला. व्यावसायिक सरावाची अजून बाकी आहे. रविवारी ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये बीमची गणिते सोडवत बसलेला दिसतो, शेजारी त्याची सातवीतली मुलगी तिची गणिते सोडवत असते. मेंबरशिपची फ्रेम भिंतीवर तशीच आहे. दर महिन्याची व्याख्याने तो चुकवत नाही.