मॅडम वॉकर यांचे मलम आणि संयुक्त औषधांची कसोटी

प्रसाधन कोठे संपते आणि औषध कोठे सुरू होते, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात जितका स्वच्छ दिसतो तितका तो व्यवहारात कधीच नव्हता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्या सीमेवर जे मोठे व्यवसाय उभे राहिले, त्यांत मॅडम सी. जे. वॉकर ह्यांचा व्यवसाय अनेक दृष्टींनी अभ्यसनीय आहे. बाईंचा उत्कर्ष हा सामाजिक इतिहासाचा विषय म्हणून पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु त्यांच्या डबीतील मलम हे एक मिश्रण होते, आणि मिश्रणातील कोणता घटक काय करतो हे कोणी व कसे ठरवावयाचे, हा पुढे अर्धशतकभर गाजलेला वाद त्या डबीतही बीजरूपाने होता, ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

सारा ब्रीडलव्ह ह्यांचा जन्म 23 डिसेंबर 1867 रोजी लुइझियाना संस्थानातील डेल्टा ह्या गावी झाला. आईबाप एका कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. ह्या घराण्यात मुक्त म्हणून जन्मास आलेले हे पहिले अपत्य. सातव्या वर्षी पोरकेपण, चौदाव्या वर्षी विवाह, सतराव्या वर्षी मातृत्व आणि विशीच्या आसपास वैधव्य, इतके सोसून ही स्त्री कडेवरच्या मुलीसह सेंट लुइस येथे आली. तेथे तिचे भाऊ नाभिकाचा व्यवसाय करीत होते. ती स्वतः दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरू लागली, आणि हे काम तिने वर्षानुवर्षे केले.

त्या काळी कष्टकरी स्त्रियांमध्ये केस गळणे व टाळूवर खपल्या धरणे हे सार्वत्रिक दुखणे होते. घरात वाहते पाणी नाही, न्हाणे क्वचित, आहार निकृष्ट, शिवाय तीव्र साबणाचा मारा. साराबाईंचेही केस विरळ झाले होते. ॲनी टर्नबो ह्या दुसऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेने केशवर्धक द्रव्याचा व्यापार आधीच सुरू केला होता. साराबाई काही काळ त्यांच्याच विक्रेत्या होत्या. 1905च्या जुलै महिन्यात त्या डेन्व्हर येथे गेल्या, तेव्हा गाठीला दीड डॉलर होता असे त्या सांगत. 1906च्या जानेवारीत चार्ल्स जोसेफ वॉकर ह्यांच्याशी विवाह झाला आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ हे नाव डबीवर चढले. मलमाचे नाव ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’, म्हणजे ‘अद्भुत केशवर्धक’. ॲनी टर्नबो ह्यांनी अनुकरण करणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा वृत्तपत्रांतून दिला, तो कोणास उद्देशून होता हे ओळखण्यास कठीण नव्हते.

मलमाची कृती स्वप्नात एका आफ्रिकी पुरुषाने सांगितली, अशी कथा बाई सांगत. व्यापारी दृष्टीने ती उपयुक्त होती. ऐतिहासिक दृष्टीने तिचे महत्त्व एवढेच की, सूत्र गुप्त राखण्याचा हक्क तिने स्वप्नाच्या आधारे मिळविला. वस्तुतः घटकद्रव्ये कोणत्याही औषधविक्रेत्याच्या फडताळात सापडणारी होती: पेट्रोलियम जेली, गंधक, मधमाशांचे मेण, खोबरेल तेल, थोडा मोरचूद आणि सुवास. त्वचेच्या विकारांवर गंधकाचा उपयोग पुरातन आहे. टर्नबो ह्यांच्या द्रव्यातही गंधक होते. तेव्हा ‘कोणी कोणाचे उचलले’ ह्या वादात फारसा अर्थ उरत नाही. मलमाबरोबर टाळू वारंवार स्वच्छ धुण्याची शिस्त बाई शिकवीत, आणि गुणाचा मोठा वाटा त्या धुण्याचाच असला पाहिजे. येथेच मिश्रणाची अडचण दिसते. धुणे, चोळणे, गंधक, तेल ह्या सर्वांचा एकत्रित परिणाम ग्राहकास दिसे. श्रेय मात्र नावाला जाई.

पुरावा म्हणून बाईंनी स्वतःचेच मस्तक पुढे केले. जाहिरातीत तीन छायाचित्रे असत: एकात आखूड, विरळ केस आणि दोहोंत समोरून व पाठीमागून दिसणारा लांब केशसंभार. शास्त्रीय प्रमाण म्हणून ह्याची किंमत अल्प आहे हे खरे. परंतु साक्षीदार जिवंत होता, गावोगाव हिंडत होता, आणि ऐकणाऱ्या स्त्रीला तो आपल्यासारखाच वाटत होता. ह्या साक्षीवर केवढा डोलारा उभा राहिला! 1908 मध्ये पिट्सबर्ग येथे शिक्षणसंस्था, 1910 मध्ये इंडियानापोलिस येथे मुख्य ठाणे व कारखाना, 1911 मध्ये नोंदणीकृत कंपनी. 1912 साली शिकागोत नॅशनल निग्रो बिझनेस लीगच्या अधिवेशनात बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनी त्यांना बोलण्याची संधी दिली नाही, तेव्हा त्या आपण होऊन उठल्या आणि कापसाच्या शेतापासून धोब्याच्या टपापर्यंत व तेथून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास त्यांनी सभेला ऐकविला. 1917 मध्ये फिलाडेल्फियास त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन भरले, आणि त्याने ईस्ट सेंट लुइस येथील हत्याकांडाविषयी राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांना निषेधाची तार पाठविली. केसांच्या मलमाच्या विक्रेत्यांची सभा राजकीय ठराव करते, ही घटना क्षुल्लक नव्हे. 25 मे 1919 रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, बाई मूत्रपिंडाच्या विकाराने निवर्तल्या.

हा सर्व उत्कर्ष कायद्याच्या एका पोकळीत घडला. 1906चा शुद्ध अन्न व औषध कायदा प्रसाधनांना लागूच नव्हता. औषधांच्या बाबतीतही अफू, मद्यार्क यांसारखी मोजकी द्रव्ये वेष्टनावर जाहीर करण्यापलीकडे त्याची फारशी मागणी नव्हती. 1912च्या दुरुस्तीने गुणांविषयीची खोटी विधाने गुन्हा ठरली खरी. पण विक्रेत्याचा फसविण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. ही पोकळी 1938 मध्ये काही अंशी बुजली. त्यामागे दोन दारुण प्रसंग होते. ‘लॅश ल्युअर’ ह्या पापण्या रंगविण्याच्या द्रव्याने डोळे गेले. आणि 1937 मध्ये सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल ह्या विषारी द्रवात विरघळवून विकले गेल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली, ज्यांत मुले पुष्कळ होती. नव्या कायद्याने प्रसाधने प्रथमच कक्षेत आली, आणि शरीराच्या रचनेवर वा क्रियेवर परिणाम करण्याच्या हेतूने विकलेली वस्तू औषध गणली जाऊ लागली. ह्या व्याख्येने ‘केस वाढवितो’ म्हणणारे मलम प्रसाधनांच्या रांगेतून उठून औषधांच्या रांगेत बसले. मात्र औषध निरुपद्रवी आहे एवढेच सिद्ध करावे लागे. गुणकारी आहे हे नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकांचा सुकाळ झाला आणि मिश्रणांचे युग आले. सर्वच मिश्रणे निरर्थक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयरोगात एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिले असता जंतू लवकरच त्याला दाद देईनासे होतात. त्याच्या जोडीला पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल दिल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो, हे ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगांनी 1950 मध्ये दाखविले. पुढे 1968 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या को-ट्रायमॉक्सेझोलमध्ये दोन द्रव्ये जंतूंच्या फॉलिक आम्लाच्या उत्पादनातील लागोपाठच्या दोन पायऱ्या अडवितात. अशा संयोगास कारण असते. परंतु दोन चलती औषधे एका कुपीत घालून नवे व्यापारी नाव देणे, आणि पेटंटची मुदत व किंमत दोन्ही राखणे, हेही संयोगाचेच एक कारण होते.

1956 साली फायझर कंपनीने टेट्रासायक्लिन व ओलिअँडोमायसिन ह्यांचे ‘सिग्मामायसिन’ बाजारात आणले. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील परिसंवादात अन्न व औषध प्रशासनाच्या प्रतिजैविक विभागाचे प्रमुख हेन्री वेल्श ह्यांनी प्रतिजैविकांच्या ‘तिसऱ्या युगा’ची घोषणा केली. ते शब्द कंपनीच्या बाजूने भाषणात घातले गेले होते, आणि वेल्श ह्यांना वैद्यकीय नियतकालिकांच्या व्यवसायातून 2,87,142 डॉलर मिळाले होते, हे सिनेटर केफॉव्हर ह्यांच्या समितीसमोर आले. 1960 मध्ये वेल्श ह्यांना पद सोडावे लागले. ह्याच औषधाच्या जाहिरातीत आठ डॉक्टरांची नावपत्रे छापली होती. जॉन लिअर ह्या पत्रकाराने त्या पत्त्यांवर पत्रे धाडली, ती परत आली. डॉक्टर अस्तित्वातच नव्हते. वॉकरबाईंच्या तीन छायाचित्रांना अशास्त्रीय म्हणणाऱ्याने हा प्रकार त्यांच्या शेजारी ठेवून पाहावा.

1962च्या दुरुस्तीने गुणकारिता सिद्ध करणे बंधनकारक केले आणि ते मागील लाटेतील औषधांनाही लागू झाले. नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या तज्ज्ञमंडळांनी जुनी औषधे तपासली. अपजॉन कंपनीचे ‘पॅनाल्बा’, म्हणजे टेट्रासायक्लिन व नोव्होबायोसिन ह्यांचे 1957 पासून विकले जाणारे मिश्रण, ह्या तपासणीत नापास झाले. एकटे टेट्रासायक्लिन तितकेच काम करते आणि नोव्होबायोसिन यकृतास व रक्तास अपाय करू शकते, असा निष्कर्ष होता. कंपनी न्यायालयात गेली. हजारो डॉक्टर हे औषध लिहून देतात, हाच त्याच्या गुणाचा पुरावा, असा तिचा युक्तिवाद होता. 1970 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला: खप म्हणजे प्रमाण नव्हे. 1971 मध्ये प्रशासनाने संयुक्त औषधांचा नियम ठरविला की, प्रत्येक घटकाने परिणामात आपला वाटा उचललाच पाहिजे आणि अशा एकत्र उपचाराची गरज असलेला लक्षणीय रुग्णवर्ग असला पाहिजे.

भारतात 1940च्या औषध कायद्यात 1962 मध्ये प्रसाधनांचा अंतर्भाव झाला. संयुक्त औषधांची झाडाझडती मात्र फार उशिरा आली. मार्च 2016 मध्ये केंद्र सरकारने 344 मिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये प्रकरण तज्ज्ञमंडळाकडे सोपविले. आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी आली.

अमेरिकेत 1972 पासून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या औषधांचीही छाननी सुरू झाली. 1989च्या अंतिम नियमाने बिनचिठ्ठीच्या केशवर्धकांना सुरक्षित व गुणकारी अशी मान्यता नाकारली. ‘अद्भुत केशवर्धक’ हे नाव त्यामुळे औषधाच्या डबीवर बसणे अशक्य झाले. दोनच वर्षांनी, 1991 मध्ये, कोंड्यावरील औषधांचा नियम निघाला. त्यात 2 ते 5 टक्के गंधकास मान्यता मिळाली, आणि सॅलिसिलिक आम्लाच्या जोडीने त्याचे मिश्रणही ग्राह्य ठरले.