भीमेअलीकडचा फड, पलीकडची बारी

तमाशावरचा चित्रपट असो की दूरचित्रवाणी मालिका, एक घोटाळा ठरलेला : फड आणि बारी यांची सरमिसळ. 'पिंजरा' (1972) आणि 'नटरंग' (2010) यांनी तमाशा घराघरांत नेला. पण प्रेक्षकाच्या मनात उरली ती लावणीच. मला हा फरक उमगला तो शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला जाताना. पारगावजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि पुढे चौफुल्याला तमाशाची दुसरीच रीत भेटते.

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे ढोलकी-फडाशी नातं सांगणारं गाव. फड म्हणजे फिरता संसार : ट्रक, तंबू, राहुट्या. चैत्रात नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी झाली की रात्र उरते ती वगाची. हा वग लिहितो कोण? फलकावर नाव असतं फडमालकाचं. बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. गंगाराम कवठेकरांच्या तमाशापासून सुरुवात करून त्यांनी आयुष्यभर फडांसाठी वग आणि लावण्या लिहिल्या. राज्य शासनाचा 2018 सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. वगावर रात्र जागवणाऱ्या किती जणांना लेखकाचं नाव ठाऊक असेल? (पडद्यावर तर वग बहुधा दोन-चार संवादांत उरकतात.)

चौफुल्याच्या कलाकेंद्रात वग नाही, तंबूही नाही. बारी म्हणजे पाळी. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि पाळीपाळीनं रंगमंचावर येतात. मागे ढोलकी, तबला, पेटी; पुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया. पार्टीची मालकीण बहुधा स्त्रीच. तीच घर चालवते आणि साजिंदेही सांभाळते. खासगी बैठकीत फर्माईश येते, त्या वेळी बाईच्या अदेइतकाच ढोलकीवाल्याचा कान कामी येतो. तिनं बसल्या जागी नुसती भुवई उचलली, तरी त्यानं ती तोड्यात पकडायची असते. पडद्यावर मात्र ढोलकी आधीच ध्वनिमुद्रित होऊन येते आणि कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस नुसते हात हलवतो.

सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट आणि पुढे कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आलं, तेव्हा या मालकिणी प्रथमच स्वतःच्या तोंडानं बोलताना दिसल्या. मोमीनांसारख्या वगलेखकांवर असा माहितीपट माझ्या तरी पाहण्यात नाही.