हरवलेले अणुबाँब आणि आपली गोदी



घोडपदेवहून माझगावच्या दिशेने निघालात की थोड्याच वेळात गोदीची भिंत दिसू लागते. तिथल्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती; शिवाय कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी आग लागली. धोक्याचा लाल बावटा मात्र जहाजावर नव्हता. आपण कशाच्या शेजारी उभे आहोत, हे आसपासच्या लोकांना कळणार कसे? ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी ही वार्ता जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने सांगितली. येथील वर्तमानपत्रांना मात्र ती छापण्याची मुभा मे महिन्यात मिळाली.

पुढे अणुयुग आले, पण ही रीत बदलली नाही. ५ डिसेंबर १९६५ रोजी 'टिकॉन्डरोगा' या अमेरिकन युद्धनौकेवरून एक विमान वैमानिक व अणुबाँबसह समुद्रात घसरले. ते परत मिळालेच नाही. ही जागा जपानच्या बेटांच्या किती जवळ होती, हे जगाला १९८९ मध्ये समजले. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर विमानांची टक्कर होऊन चार हायड्रोजन बाँब पडले. अणुस्फोट झाला नाही, परंतु दोन बाँब फुटून प्लुटोनियम शेतांत पसरले. समुद्रात पडलेला चौथा बाँब एप्रिलमध्ये बाहेर काढला गेला.

हे सारे दूरदेशीचे, असे समजू नका. चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी १९६५ मध्ये नंदादेवी पर्वतावर नेलेले प्लुटोनियमचे वीजयंत्र हिमालयातच हरवले. तो बाँब नव्हता हे खरे. पण गंगेच्या खोऱ्यातील जनतेला ही गोष्ट कळली १९७८ साली, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत कबुली दिल्यावर.

मित्रांनो, लष्कराला काही गुपिते राखावी लागतात, हे मान्य. पण ज्याच्या उंबरठ्याशी दारूगोळा ठेवला जातो, त्याला धोक्याची सूचना तरी मिळाली पाहिजे. बावटा लावणे दुसऱ्याच्या हाती असते. तो का लावला नाही, हे विचारणे आपल्या हाती आहे. तसे विचारण्यासाठी विज्ञान समजावे लागते आणि इतिहास ठाऊक असावा लागतो. शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे, हे विसरू नका.