वेदीपुढचा कठडा

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या धर्मग्रामात मंदिराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा वेदीपुढचा जुना सागवानी कठडा काढण्यात आला. त्याला माझी संमती होती. पुढच्या रविवारी एका आजींनी विचारले, "फादर, आता आम्ही गुडघे कुठे टेकायचे?" मजजवळ उत्तर नव्हते. ज्या वास्तूत आपण नित्य उपासना करतो, तिच्या अवयवांची नावे जाणून घ्यावीत असे तेव्हापासून वाटू लागले.

आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असलेला 'आल्तार' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचे मूळ लॅटिन 'आल्तारे'. वेदीमागच्या कोरीव, सोनेरी फळ्यांच्या भिंतीस पोर्तुगीज 'रेताबुलु' म्हणतात. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील अशा भिंतीवर संत कॅथरिनचे जीवन कोरलेले आहे. पवित्र साक्रामेंत ठेवण्याच्या कपाटास 'ताबेर्नाकल' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ तंबू. इस्राएल लोकांबरोबर रानातून चाललेल्या परमेश्वराच्या निवासमंडपाची ती आठवण आहे.

आता कठड्याकडे वळू. लॅटिन 'कान्सेली' म्हणजे जाळी. वेदीचा परिसर जाळीने वेगळा केला जाई, म्हणून इंग्रजीत त्या परिसरास 'चान्सेल' हे नाव पडले. न्यायासनापुढील जाळीशी उभा राहणारा सेवक तो 'कान्सेलारियुस'. त्याचाच वंशज म्हणजे आपल्या विद्यापीठांचा चान्सेलर, अर्थात कुलपती! रोमच्या सान क्लेमेंते मंदिरात सहाव्या शतकातील संगमरवरी कठडे आजही पाहावयास मिळतात. त्यांवर पोप दुसरे जॉन (५३३–५३५) यांची नाममुद्रा आहे.

मध्ययुगात युरोपातील अनेक मंदिरांत हा कठडा वाढत वाढत उंच पडदी झाला. भाविकांना वेदी पडदीच्या फटींतूनच दिसे. त्रेंत विश्वपरिषदेनंतर (१५४५–१५६३) अशा पुष्कळ पडद्या उतरविण्यात आल्या. रोमचे जेझू मंदिर (१५६८–१५८४) बांधले गेले ते वेदी सर्वांस दिसावी अशाच रचनेचे. हळूहळू पडदीची जागा गुडघे टेकण्याजोग्या ठेंगण्या कठड्याने घेतली. त्यावर शुभ्र वस्त्र अंथरून भाविक ख्रिस्तशरीर स्वीकारीत.

ज्याला आम्ही भाविक आणि वेदी यांमधील भिंत समजलो, तो कठडा वस्तुतः भिंत उतरल्याची खूण होता. वस्त्र अंथरल्यावर तो वेदीच्याच मेजाचा लांबवलेला काठ होई. दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद चालू असतानाच १९६४ साली निघालेल्या सूचनेने मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी असे सांगितले, जेणेकरून धर्मगुरूला लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पिता यावी. कठडे उखडण्याची आज्ञा मात्र तीत नव्हती. वेदी लोकांजवळ आली, ही मोठीच कृपा. परंतु जवळ येण्याच्या घाईत आम्ही गुडघे टेकण्याची जागा गमावली काय?

आजी केव्हाच देवाघरी गेल्या. जीर्णोद्धाराचा आराखडा घेऊन मंडळी आली की मी आता आधी त्यांना विचारतो: हे जे काढायचे आहे, त्याचे नाव काय, आणि इथे गुडघे कोण टेकते?