पुंगळी

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठचं. माळा साफ करायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याच गळ्यात पडलं. फुटका कंदील, दोन अडकित्ते, मोडीतल्या कागदांची चवड आणि एका कापडी बटव्यात पितळेची एक रिकामी पुंगळी. पुंगळी म्हणजे उडवलेल्या काडतुसाचं कवच. आत्याआजी आता नव्वदीला टेकलीय. तिला दाखवली, तर म्हणाली, "शिकारीची हाय ती. सायबाच्या बंदुकीची. ठिव जागच्या जागी."

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे जागच्या जागी ठेवणं शक्यच नव्हतं. मेकॅनिकलवाल्या चुलतभावाकडून व्हर्निअर आणला आणि मोजमाप सुरू केलं. बुडाची कड पावणेचौदा मिलिमीटर. ही कड आपल्या सुप्रसिद्ध थ्री-नॉट-थ्रीची. पण थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस बाटलीसारखं असतं, म्हणजे वर खांदा आणि त्यावर निमुळती मान. या पुंगळीला ना खांदा ना मान, वरपर्यंत सरळसोट! मग हे आहे तरी काय? वीकेंड तिथेच गेला. पुढचे तीन पण.

आधी शिकाऱ्याच्या बाजूने विचार करू. जुन्या शिकारी रायफली बऱ्याचदा एकबारी असायच्या. एक काडतूस घालायचं, उडवायचं, पुंगळी काढायची, मग दुसरं. समोर रानडुक्कर अंगावर येत असेल तर 'दुसरं' हा शब्द फार लांबचा. त्यामुळे काडतूस निवडणं हाच सगळा खेळ. हलकी गोळी वेगात जाते, मार सपाट राहतो, पण गव्यासारख्या जनावराच्या अंगात खोल शिरेलच असं नाही. जड गोळी खोल शिरते, पण लवकर खाली पडते आणि खांद्याला लाथ मारते. ब्रिटिशांची १८७१ सालची मार्टिनी-हेन्री ही त्या काळातली सर्वांत नावाजलेली एकबारी रायफल. तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅम, आणि मागे ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम काळी दारू. हीच यंत्रणा वापरून शिकारीच्या रायफलीही निघाल्या. कड असलेलं काडतूस अशा रायफलीला सोयीचं, कारण खटका दाबला की कडेला धरून पुंगळी बाहेर फेकता येते.

म्हणजे नियम सोपा. जनावर बघा, अंतर बघा, काडतूस निवडा. कोयनेच्या खोऱ्यात सांबर आणि गवा, खाली माणदेशी माळावर ससा नाहीतर तितर. पुस्तकात हे असंच लिहिलेलं असतं. हिंदुस्थानात मात्र या निवडीत एक तिसरा गडी कायम बसलेला होता. सरकार.

याची सुरुवात अर्थातच १८५७ पासून. एन्फिल्डच्या काडतुसाला लावलेल्या चरबीची गोष्ट आपण शाळेत शिकलो. साताऱ्याची बाजू तेवढी शिकवत नाहीत. प्रतापसिंह महाराजांची कैफियत मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे खेटे घालून हात हलवत परत आले. दरम्यान १८४८ साली डलहौसीने सातारा खालसाच केलं होतं. १८५७ मध्ये रंगो बापूजींनी उठावाची जुळवाजुळव केली, बेत फुटला, ते निसटले ते कायमचेच. त्यांचा मुलगा सीताराम आणि इतर मिळून १७ जणांना त्या सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर मारलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या आणि काहींना तोफेच्या तोंडी.

यातून ब्रिटिशांनी जो धडा घेतला तो नळीत दिसतो. उठावानंतर देशी शिपायांसाठी एन्फिल्डसारखीच दिसणारी पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्याने गोळी फिरते आणि लांबवर सरळ जाते. ते आटेच नाहीत! पुढेही गोऱ्या पलटणीकडे नवी रायफल आली की देशी पलटणीकडे त्याआधीची, असा एक पिढीचा फरक बरीच वर्षं ठेवला.

मग १८७८ चा शस्त्र कायदा. बंदूक ठेवायला परवाना लागू लागला आणि त्यातून युरोपियन आणि काही राजेरजवाडे वगळले गेले. आपल्या भागात सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थानं शेजारी शेजारी. म्हणजे एकाच डोंगरावर संस्थानिकाला शिकार आणि डुकरं शेत उकरतात म्हणून रात्रभर जागणाऱ्या कुणब्याला कोर्टाची पायरी.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तो शुद्ध कंपॅटिबिलिटीचा प्रश्न आहे. एके काळी प्रत्येक मोबाइल कंपनीचा चार्जर वेगळा असायचा, आठवतंय? तसंच, पण मुद्दाम केलेलं. मार्टिनी रायफली आणि त्यांची काडतुसं लोकांच्या हातात बरीच पसरली होती. शिकारी काडतुसांतल्या .४५० इंची गोळ्या काढून त्या मार्टिनीच्या काडतुसात भरता येतील, या भीतीने १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थान आणि सुदानात .४५० व्यासाच्या रायफलींना बंदी घातली. लंडनच्या बंदूकवाल्यांची पंचाईत झाली, मोठं गिऱ्हाईक गेलं ना! त्यांनी पटापट .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं काढली. आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीसाठी गाजलेलं .४७० त्यातलंच. हत्तीच्या कातडीत काही बदल झाला नव्हता. बदलला होता तो नियम.

थ्री-नॉट-थ्रीचंही तेच. ते लष्कराचं, म्हणून सामान्य माणसाला बंद. मग शिकारीसाठी पुढे आलं .३१५, म्हणजे मूळचं ऑस्ट्रियन ८ मिलिमीटरचं काडतूस (८ भागिले २५.४, करून बघा). त्यालाही कड आहे, त्यामुळे लष्करी रायफलीचीच यंत्रणा ठेवून नळी वेगळी बसवता आली. त्याचं कवच ५० मिलिमीटरचं, थ्री-नॉट-थ्रीचं ५६, आणि गोळीही जाडीला वेगळी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. तोच तर हेतू. स्वातंत्र्यानंतरही इशापूरच्या कारखान्याने .३१५ च्याच शिकारी रायफली बनवल्या. साहेब गेला, चार्जर राहिला. :-)

आणि आता माझी पुंगळी. थ्री-नॉट-थ्रीची कड, पण मान नाही. उत्तर आहे .४१० मस्केट. ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या दशकांत पोलिस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी लष्करी रायफली बदलून हे हत्यार केलं. नळी आतून मोठी आणि गुळगुळीत. मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच बार. काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच पितळेचं, फक्त मान न काढलेलं. बंदूक कुणी हिसकावून नेली तरी त्यात लष्कराची गोळी चालू नये, आणि आपल्याच शिपायाच्या हातातही फार ताकद असू नये. एकबारी बंदुकीचं काडतूस इतकं विचारपूर्वक निवडलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. फक्त इथे जनावराचा विचार नव्हता, माणसांचा होता.

कुठली माणसं, हे सातारा-सांगलीकरांना सांगायला नको. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला. इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सुरू झालं, कुंडलला तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली, तेव्हा रुळांवर दगड रचले होते आणि हातात मुख्यतः विळे आणि काठ्या होत्या. बंदूक मिळाली तरी प्रश्न सुटत नव्हता. ज्या मापाची बंदूक, त्याच मापाची गोळी. ती नसेल तर बंदूक म्हणजे महागडं मुसळ. सरकारने पन्नास-साठ वर्षं मापांची जी कोडी घातली, ती याच दिवसासाठी.

गंमत म्हणजे कोडी टिकली. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम वाचले, तर त्यात 'प्रतिबंधित बोअर' ठरवायची कसोटी तीच होती. लष्करी काडतूस यात बसून उडू शकतं का? आणि यादीत .३०३ च्या जोडीला आमचं .४१० मस्केटसुद्धा! शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वेगळ्याच रीतीने संपवला, आणि चांगलं झालं. कोयना आणि चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या गव्याला कुठलं काडतूस लागेल हा प्रश्न कुणी विचारू नये हेच बरं.

हे सगळं शोधून परत गावी गेलो आणि आत्याआजीला शहाणपणाने सांगितलं, "आजी, ही शिकारीची नाही. पोलिसाच्या बंदुकीची आहे."

ती जरा वेळ पुंगळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय मला. आमच्या दादांनी सांगितलेलं, कुणी इचारलं तर शिकारीची म्हणायचं."

शिकारीच्या हाक्याला गेलेल्या पोराने साहेबाची रिकामी पुंगळी उचलून आणली, तर त्यात कुणाला काही वाटलं नसतं. पोलिसाची पुंगळी घरात कशी, याचं उत्तर मात्र द्यावं लागलं असतं. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. नंतर देश स्वतंत्र झाला, दादा गेले, विचारणारेही गेले, पण पढवलेलं वाक्य तेवढं राहिलं. मीही इतकी वर्षं ते ऐकत होतो.

असो. पुंगळी परत बटव्यात ठेवलीय. सोबत एक चिठ्ठी घातलीय, तिच्यात खरं काय ते लिहून.