बंगळूरचे सरपण आणि कार्बनचा हिशेब

झाडाने हवेतून घेतलेला कार्बन, ते झाड जाळून वीज करताना चिमणीतच अडवायचा आणि जमिनीखाली कोंडायचा, ही कल्पना २००१च्या सुमारास पुढे आली. २०१४च्या आयपीसीसी अहवालापर्यंत तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवण्याचे बहुतेक आराखडे तिच्यावर विसंबू लागले. चर्चा होते ती चिमणीची आणि भूगर्भाची. बंगळूरचा इतिहास पाहिला तर घोडे अडते ते त्याआधी, सरपणाच्या हिशेबात.

म्हैसूर संस्थानाने भद्रावतीला लोखंडाचा कारखाना काढला तो लोणारी कोळशाच्या भरवशावर. १९२३मध्ये भट्टी पेटली आणि शिमोग्याच्या रानातले लाकूड तिच्या पोटात जाऊ लागले. अर्ध्या शतकानंतर कर्नाटकातल्या कागद गिरण्यांची भूक बांबूची होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या माधव गाडगीळांनी हा बांबू रानात जाऊन मोजला, तेव्हा वनखात्याच्या कागदावरचा साठा प्रत्यक्षाच्या कैक पट फुगलेला निघाला. गिरणीला टनामागे दीड रुपयात मिळणाऱ्या बांबूसाठी बुरुडाला बाजारात त्याच्या शेकडो पट मोजावे लागत. कच्चा माल जवळजवळ फुकट असेल, तर तो जपून वापरण्याचे कारण गिरणीला उरत नाही. कार्बनचे श्रेय विकणारा उद्याचा वीजप्रकल्प याहून शहाणा वागेल, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

यावर होसहळ्ळीचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते रास्तच आहे. अमूल्य रेड्डी यांनी १९७४मध्ये याच संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हे केंद्र उभारले. त्या परंपरेतून १९८८मध्ये तुमकूर जिल्ह्यातल्या या खेड्यात लाकडापासून वायू आणि वायूपासून वीज करणारे संयंत्र बसले. दिवे, नळाचे पाणी, पिठाची गिरणी असा त्याचा संसार दशकाहून अधिक काळ चालला. पण इंधनासाठी झाडे लावलेली जमीन गावाच्या नजरेसमोर होती. तोड जास्त झाली तर ती गावालाच दिसणार. कार्बन पकडण्याची यंत्रणा मात्र एवढ्याशा संयंत्राला परवडत नाही. तिला मोठी चिमणी लागते, मोठ्या चिमणीला दूरचे रान लागते आणि होसहळ्ळीचा हिशेब तिथे तुटतो.

मग रान कशाला, शेतातला काडीकचरा वापरा, असा दुसरा आक्षेप. तो अधिक वजनदार आहे. संस्थेतल्या एस. दासप्पा यांच्या गटाने २०२२मध्ये एक किलो जैवभारापासून शंभर ग्रॅम हायड्रोजन काढून दाखवला. त्यात मागे उरणारा घन कार्बन पुन्हा हवेत जाऊ न देण्याची सोयही आहे. पण कडबा गुरांच्या दावणीत जातो, तुरकाट्या चुलीत जातात, पालापाचोळा खतात मुरतो. ज्याला कारखाना कचरा म्हणतो त्याला बहुधा आधीच धनी असतो, आणि त्याला मोबदला कोण देणार, हे प्रकल्पाच्या ताळेबंदात पहिल्या पानावर यायला हवे.