होडीचा वाटा

शनिवार पेठेत जन्म काढलेल्या माणसाने होड्यांवर लिहावं म्हणजे जरा अतीच, हे मला मान्य आहे. ओंकारेश्वराशेजारून मुठा वाहते खरी, पण तिच्यात कुणी होडी हाकतंय असं दृश्य आमच्या पिढीने काही पाहिलं नाही. पानशेतचं पाणी १२ जुलै १९६१ ला पेठेत शिरलं त्याच्या आठवणी घरोघरी निघतात, पण त्यातही माणसं गच्चीवर चढतात, पर्वतीकडे पळतात, होडी कुणाकडेच नसते. आमची होडी कागदाची, अंगणातल्या डबक्यातली.

तरी हा विषय काही दिवस डोक्यात घोळतोय, त्याला कारण हर्णैचे एक स्नेही. त्यांची मासेमारीची होडी आहे. मध्ये त्यांच्याकडे जाणं झालं तेव्हा स्वयंपाकघराच्या कौलांवर निळं प्लास्टिक ताणलेलं होतं आणि होडीला मात्र नवंकोरं सहा सिलिंडरचं इंजिन बसलं होतं. मी पुणेरी भोचकपणाने विचारलंच. ते म्हणाले, "घराला गळती लागली तर खाली पातेलं ठेवता येतं. होडीला लागली तर काय ठेवायचं?" उत्तर बिनतोड होतं. मी मान डोलावली. आतून वहिनी तेवढंच म्हणाल्या, "आणि पातेलं ठेवतं कोण?"

यावर ते नुसतेच हसले. मला मात्र तेव्हापासून वाटतंय की होडी आणि घर यांच्या भांडणातले दोन्ही पक्ष या दोन वाक्यांत येऊन गेले.

होडीवाल्याची बाजू नुसती हौसेची नाही, हे आधी सांगायला हवं. किनाऱ्यावर वाट्याची पद्धत जुनी आहे. डिझेल, बर्फ, राशन हा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या पैशाचे वाटे पाडायचे. खलाशांचे वाटे, तांडेलाचा थोडा जास्त, आणि होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. गावोगावी प्रमाण बदलतं, पण होडीला स्वतःचा वाटा असतोच. म्हणजे ती हिशेबात एक माणूस आहे, कमावती आहे. कमावत्या माणसाच्या ताटात आधी वाढायचं ही आपल्या घरांचीही रीत होतीच की! (बरोबर होती असं नाही म्हणत मी.) त्यात पुन्हा पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर दोन गोष्टी शाकारायच्या असतात, घर आणि होडी. शब्द एकच, महिना एकच, आणि पैसेही तेच. नारळी पौर्णिमेला होडीला हार घालताना जो माणूस दिसतो, त्याच्या घरातली पाटली कधी कधी त्या वेळी सावकाराकडे असते.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे होडीवर खर्च का करावा, किती करावा आणि कुणाच्या जिवावर करू नये, याचा विचार मराठीत तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे. फक्त तो एका घराचा नाही, राज्याचा आहे. पण राज्य म्हणजेही एक मोठं घरच. तिथेही एकाला होडी हवी असते आणि दुसऱ्याला छप्पर.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर १६५७-५९ च्या सुमारास गलबतं बांधायला काढली. तोवर दख्खनच्या कुठल्याही मराठा सरदाराला हा खर्च सुचला नव्हता. सुचावा तरी का? फौजेला घोडे हवेत, किल्ल्यांना चुना हवा, धान्य हवं. सभासदाने बखरीत कारण दिलंय ते अगदी घरगुती आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला तो घरातल्या उंदराची उपमा देतो. उंदीर घर पाडत नाही, पण झोपू देत नाही आणि कोठार पोखरतो. होडीसाठी दिलेलं हे कारण मला फार पटतं, कारण ते गर्वाचं नाही, काचाचं आहे.

पण कारण पटलं तरी पैसा वेळेवर सुटतो असं नाही. जानेवारी १६७५ चं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेलं. मुरुडसमोर पद्मदुर्ग उभा राहत होता, दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन तिथे होते, आणि त्यांना नेमून दिलेला पैसा व धान्य सुभेदाराने पोचतं केलं नव्हतं. महाराजांनी जो समाचार घेतलाय तो वाचताना आजही कानाची पाळी तापते. तू हबशाला फितूर आहेस की काय, इथपर्यंत विचारणा आहे. या जिवाजीपंतांबद्दल मला नेहमी कुतूहल वाटतं. ते खरंच फितूर होते की नुसतेच, 'आधी इथल्या गरजा भागू देत, मग तुमच्या होड्या' म्हणणारे जमिनीवरचे कारभारी होते? असे कारभारी प्रत्येक घरात असतात. त्यांची बाजू त्या पत्रात नाही, असणारही नाही.

त्यांची नाही, पण रयतेची बाजू मात्र एका ठिकाणी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. १७१५-१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिला गेला. लिहिणारा शिवकालापासून कारभारात मुरलेला. त्यातलं आरमाराचं प्रकरण म्हणजे होडीवाल्याने लिहिलेलं उत्तम समर्थन आहे. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंगच, ज्याच्याकडे आरमार त्याचा समुद्र, हे तो ठणकावून सांगतो. आणि लगेच खर्चाकडे वळतो! गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत. पगाराची तरतूद नेमलेल्या महालांच्या उत्पन्नातून असावी. बंदरांच्या जकातीवर आरमार पोसायला गेलात तर सावकारांना उपद्रव होईल, व्यापार बुडेल, मग बंदर राहणार नाही. छावणीसुद्धा दर वर्षी एकाच बंदरात करू नये म्हणतो.

आणि मग लाकूड. फळ्या, सोट, डोलकाठ्या यांना थोर लाकूड लागतं. रानातला साग परवानगी घेऊन तोडा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं आहे, पण त्याला हात लावू नका. का, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं होऊन कामातून गेलं असेल, तरी मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानेच न्यावं.

हा उतारा 'शिवरायांचं पर्यावरणविषयक पत्र' म्हणून दर पावसाळ्यात आपल्या सर्वांकडे फिरत येतो. मुळात ते आज्ञापत्रातलं कलम आहे, आणि झाडांवरचा निबंध म्हणून नव्हे, आरमाराच्या खर्चाचा भाग म्हणून लिहिलेलं आहे, हे त्यात हरवतं. माझ्या मते त्याची खरी किंमत तिथेच आहे. होडीवर जीव असलेला माणूस स्वतःच लिहितोय की होडीसाठी परसातलं आंब्याचं झाड जाणार नाही. पातेलं कोण ठेवतं हा प्रश्न त्याने कुणी विचारायच्या आधीच स्वतःला विचारला होता.

आता आमच्या पेठेकडे येतो. भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं, म्हणजे अगदी खाऱ्या पाण्याचं. बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचाने तिथून बाहेर पडले. नव्यानेच पेशवे झाले असताना त्यांनी कान्होजी आंग्र्यांशी बोलणी करून त्यांना शाहूमहाराजांच्या बाजूला वळवलं, ते १७१४ मध्ये. म्हणजे आरमाराचं मोल या घराला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण १७३२ मध्ये बाजीरावांनी शनिवारवाड्याची वास्तुशांत केली तोवर घराचं तोंड उत्तरेला वळलं होतं. (वाड्याच्या दिल्ली दरवाजाचंही.) मोहिमांच्या पायी कर्ज एवढं झालं होतं की बाजीराव ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने काकुळतीला आलेले दिसतात. अशा घराला होडी हा दुसऱ्याचा खर्च वाटू लागतो. होडी आंग्र्यांची, निस्तरतील आंग्रे.

१७३३ मध्ये बाजीराव स्वतः जंजिऱ्यावर गेले तेव्हा हे अंगाशी आलं. रायगड मिळाला, जंजिरा मिळाला नाही. त्याच साली सेखोजी आंग्रे वारले, भाऊ भांडले, आणि १७३५ मध्ये बाजीरावांनी दौलतीचे दोन भाग केले. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे. एका होडीचे दोन मालक झाले की काय होतं ते हर्णैला कुणालाही विचारा.

दक्षिणेकडचा भाग पुढे तुळाजीकडे आला. तुळाजी धाडसी होता, पण पुण्याला जुमानत नव्हता, आणि त्याचं आरमार येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांवर जगत होतं. अमात्यांनी बजावलं होतं नेमकं तेच. त्याच्या बाजूने बोलणं मला जड जातं. पण नानासाहेबांनी जो उपाय केला त्याच्या बाजूने बोलणं त्याहून जड. मार्च १७५५ मध्ये इंग्रजांशी करार झाला आणि एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. (त्या स्नेह्यांच्या ओटीवरून सुवर्णदुर्ग समोर दिसतो.) फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक तोफगोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. हे जहाज तुळाजीने इंग्रजांकडूनच पकडलेलं. ते पेटलं आणि त्याच्याशेजारी नांगरलेलं सगळं आरमार पेटत गेलं. किल्ल्यात सुमारे दहा लाखांची लूट मिळाली, ती इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. होडीचा वाटा नाही, पेशव्यांचा वाटा नाही. विजयदुर्ग ताब्यात यायलाही ऑक्टोबर उजाडला, तोही बाणकोट देऊन.

नानासाहेबांना नावं ठेवणं आमच्या पेठेत फॅशन आहे, त्यात मला भर घालायची नाही. घरखर्चाच्या वहीत पाहिलं तर त्यांचा निर्णय समजतो. बेबंद होडीवाला भाऊ, त्याची रोजची तक्रार, आणि शेजारी म्हणतोय की मी फुकटात बंदोबस्त करून देतो. फक्त शेजाऱ्याकडे स्वतःच्या होड्या होत्या, आणि त्या त्याने जाळल्या नाहीत.

गंमत म्हणजे त्यानंतर पेशव्यांना होड्यांवर खर्च करावाच लागला. विजयदुर्गाला पेशव्यांचं आरमार उभं राहिलं, आनंदराव धुळप त्याचे सुभेदार झाले. एप्रिल १७८३ मध्ये धुळपांनी रत्नागिरीजवळच्या समुद्रात इंग्रजांचं 'रेंजर' लढून पकडलं. पण तोवर सालबाईचा तह झालेला होता, आणि पकडलेलं जहाज परत करावं लागलं.

विजयदुर्गाला गेलात तर किल्ला बघून लगेच परत फिरू नका. जवळच गिर्ये गावाच्या हद्दीत वाघोटण खाडीच्या काठाला मराठ्यांची आरमारी गोदी आहे, कातळात खोदलेली. इथे जहाजं दुरुस्तीला आत घेत. आता ती रिकामी असते. आणि भोवती सगळा देवगड तालुका, म्हणजे जिकडे नजर जाईल तिकडे आंब्याची झाडं.